गुरुजींचा उत्प्रेरक

गुरुजींची गाडी दिसायच्या आधी मला ऐकू आली. टिक, टिक, टिक, टिक. शेजारच्या खोलीत कुणी शिलाई मशीन चालवावं तसा बारीक, एकसारखा आवाज. पाय दाबला की घाई करणारा, सोडला की मंदावणारा. संक्रांत नुकतीच झाली होती. गॅरेजचं शटर वर करून मी हाताखालच्या पोराला चहा आणायला पाठवलं होतं. आवाज ऐकून उठलो. हा आवाज नवख्या मेकॅनिकला टॅपेटचा वाटतो आणि तो टॅपेट कव्हर खोलून बसतो. टॅपेटचा आवाज कोरडा असतो, लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा. या आवाजाला मात्र फुंकर असते. दर ठोक्याला कुठून तरी हवा सुटत असते.

गुरुजी म्हणजे माझेच गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीला त्यांनी मला विज्ञान शिकवलं. २०१७ साली ते निवृत्त झाले आणि हातात आलेल्या पैशातून त्यांनी ही पेट्रोल हॅचबॅक घेतली. आयुष्यातली पहिली गाडी. चालवतात फार जपून. शनिवारी राक्षसभुवनला शनीच्या दर्शनाला, महिन्यातून एकदा काकूंच्या औषधाला बीडला, लग्नसराईत आसपासच्या गावांना. बाकीचे दिवस गाडी दारात कापडाखाली झाकलेली.

"अरे, हिला दम लागतोय," गुरुजी म्हणाले. "बीडच्या रस्त्याला पन्नासच्या वर जाईना. मागून ट्रकवाले हॉर्न मारतात. आणि हा पिवळा दिवा महिना झाला, विझत नाही."

काकू मागच्या सीटवर होत्या. काच खाली केलेली, पदर नाकाला लावलेला. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "मला काय समजतंय गाडीतलं. पर हिच्यात बसलं की माझं डोकं लई धरतं बाबा. घरी गेलं की उतरतं. डॉक्टरला सांगितलं, त्यांनी बीपीची गोळी वाढवून दिली."

गाडीत बसलं की धरतं, घरी गेलं की उतरतं. हे ऐकलं आणि पिवळ्या दिव्याचं मी बाजूला ठेवलं. इंजिन बंद करायला लावलं आणि काकूंना बाहेर खुर्चीवर मोकळ्या हवेत बसवलं.

आमच्या गेवराईत पेट्रोल गाड्यांचं काम तसं कमी. सोलापूर-धुळे महामार्ग जवळ, त्यामुळे ट्रक आणि पिकअप जास्त. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर, जिनिंगच्या दिवसांत कापसाचे टेम्पो. डिझेलचं दुखणं धुरावरून कळतं. पेट्रोल गाडीचा धूर डोळ्यांना दिसतच नाही, तिथं माणूस फसतो. इंजिनातून निघणाऱ्या वायूंमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. थोडा शरीरात गेला तर डोकं धरतं, मळमळतं. बंद जागेत जास्त गेला तर माणूस झोपेतच जातो. बॉनेटखाली गळती असेल तर हा वायू काचेखालच्या जाळीतून ब्लोअरच्या हवेबरोबर थेट आत येतो. काकूंनी आपला आजार सांगितला होता. मला त्यात गाडीचा आजार ऐकू आला.

मॅनिफोल्डवरचा पत्रा काढला. मॅनिफोल्ड म्हणजे चारही सिलिंडरचा जळका वायू गोळा करून एका तोंडात सोडणारा बिडाचा भाग. चार बोटं एका मनगटाला जुळावीत तसा त्याचा आकार. त्याच्या खालीच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, आम्ही त्याला नुसतं कॅट म्हणतो. इंजिन पुरतं निवल्यावर सायलेन्सरच्या मागच्या तोंडातून ब्लोअरची हवा सोडली आणि पोराला मॅनिफोल्डवर साबणाचं पाणी मारायला सांगितलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या बोटाच्या बेचक्यात फेस फुगला. पुसून बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर केसाएवढी भेग, दोन इंच लांब, कडेला काजळी धरलेली.

मग स्कॅनर लावला. कोड आला पी ०४२०, म्हणजे कॅट आपलं काम नीट करत नाही. इंजिनाचा कॉम्प्युटर हिशेबापेक्षा वीस-बावीस टक्के जादा पेट्रोल सोडत होता. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्याच्या आट्यांत प्रेशर गेज बसवला आणि इंजिन अडीच हजार फेऱ्यांवर धरलं. धडधाकट गाडीत इथं तीन पौंडांच्या आत दाब दिसतो. काटा आठवर गेला. कॅट आतून चोंदला होता. गाडीचा श्वास बाहेर पडत नव्हता, मग नवा आत जाणार कुठून? गुरुजी म्हणाले ते अक्षरशः खरं होतं, तिला दमच लागला होता.

गुरुजी शेजारी उभे राहून सगळं बघत होते. मी म्हटलं, "गुरुजी, कॅट गेला. मॅनिफोल्डही बदलावा लागेल."

"कॅट म्हणजे कॅटॅलिस्ट ना? उत्प्रेरक?"

"हो."

गुरुजी माझ्याकडे बघत राहिले. मग वर्गात विचारायचे तसंच त्यांनी विचारलं, "उत्प्रेरक अभिक्रियेचा वेग वाढवतो पण स्वतः खर्च होत नाही, हे मीच तुला शिकवलं. पोटॅशियम क्लोरेट आणि मँगनीज डायऑक्साइड तापवून ऑक्सिजन काढला होता आपण, आठवतं? शेवटी मँगनीज डायऑक्साइड जसंच्या तसं उरतं. मग तुझा हा उत्प्रेरक संपला कसा?"

मला आठवत होतं. त्या ऑक्सिजनच्या बाटलीत विझत आलेली उदबत्ती धरली की भुर्रकन पेटायची. वर्गातली चाळीस पोरं तेवढ्यासाठी वाट बघायची. पण या प्रश्नाचं उत्तर पटकन देता येईना. शेकडो गाड्यांच्या बाबतीत मी 'कॅट गेला' म्हटलं असेन. तो कसा जातो हे मला हातांना ठाऊक होतं, तोंडाला नव्हतं. दुपारभर गुरुजी बसून राहिले. मी काम करत करत तुकड्यातुकड्यांनी सांगत गेलो. ते इथं सलग लिहितो.

कॅटच्या पोलादी डब्यात चिनीमातीसारख्या सिरॅमिकची एक वीट असते. मधाच्या पोळ्यासारखी आरपार छिद्रांची, एका चौरस इंचात साधारण चारशे छिद्रं. छिद्रांच्या भिंतींवर ॲल्युमिनाचा खडबडीत थर, आणि त्या थरावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचे डोळ्यांना न दिसणारे कण पेरलेले. सगळे मिळून काही ग्रॅम भरतात. प्लॅटिनम आणि पॅलेडियम कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड करतात आणि न जळालेल्या पेट्रोलचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. ऱ्होडियम नायट्रोजनच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन सोडवून घेतो आणि साधा नायट्रोजन बाहेर सोडतो. हे काम अडीचशे-तीनशे अंशांच्या वर तापल्याशिवाय सुरू होत नाही. शिवाय इंजिनात एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा हे वजनाचं प्रमाण सांभाळलं तरच तिन्ही कामं एका वेळी होतात. ते प्रमाण सांभाळायला पुढचा ऑक्सिजन सेन्सर कॉम्प्युटरला सतत खबर देत असतो.

आता मॅनिफोल्डला भेग पडली म्हणजे काय झालं ते बघा. एक्झॉस्टचा वायू नळीतून सलग वाहत नाही, ठोक्याठोक्याने येतो. ठोका आला की भेगेतून वायू बाहेर फुंकला जातो. तीच ती टिकटिक, आणि तेच काकूंचं डोकं. दोन ठोक्यांच्या मध्ये क्षणभर नळीत ओढ तयार होते, तेव्हा बाहेरची हवा भेगेतून आत शिरते. त्या हवेतला ऑक्सिजन सेन्सरला लागतो. सेन्सर कळवतो की ऑक्सिजन उरतोय, पेट्रोल कमी पडतंय. कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. जादा पेट्रोल इंजिनात न जळता कॅटमध्ये येतं आणि भेगेतून शिरलेली हवाही तिथंच येते. जळण आणि हवा दोन्ही आयते मिळाले की कॅटची भट्टी होते. रोजच्या कामात तो पाचशे-सातशे अंशांवर असतो. भट्टी झाली की हजार ओलांडतो, आणि चौदाशेच्या आसपास ती वीटच वितळते. छिद्रं बुजतात. त्याच्याही आधी धातूचे बारीक कण उष्णतेने सरकून एकमेकांना चिकटतात, त्यांचे गोळे होतात. धातू तेवढाच राहतो, पण वायूला भिडणारा त्याचा पृष्ठभाग नाहीसा होतो.

"म्हणजे उत्प्रेरक खर्च झालाच नाही," गुरुजी म्हणाले.

"नाही गुरुजी. त्याचं घर जळालं."

दुसराही एक मार्ग आहे, विषबाधेचा. इंजिन ऑइल खात असेल तर ऑइलमधला फॉस्फरस आणि जस्त त्या कणांवर लेप धरतात. शिसं तर सगळ्यांत वाईट. युजीन हूड्री नावाच्या फ्रेंच इंजिनियरने अमेरिकेत १९५० च्या दशकात मोटारीसाठी असा कन्व्हर्टर बनवला होता, लॉस एंजलिसच्या धुरक्याने तो अस्वस्थ झाला होता. पण तेव्हाच्या पेट्रोलमध्ये शिसं मिसळलेलं असायचं आणि शिशाने उत्प्रेरक लगेच निकामी व्हायचा. त्याची कल्पना बाजारात यायला पेट्रोल आधी शुद्ध व्हावं लागलं. अमेरिकेत ते १९७५ च्या गाड्यांपासून जमलं. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास या चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला, आणि शिसंविरहित पेट्रोल देशभर आलं ते फेब्रुवारी २००० मध्ये. त्या काळी मी शिकाऊ होतो. उस्ताद कार्बोरेटरच्या गाड्यांचं पेट्रोल तोंडाने नळीत ओढायला लावायचे. शिशाचं पेट्रोल आम्ही तोंडाने ओढलं आहे.

मग मॅनिफोल्डला भेग पडली कशी? ते गुरुजींनीच शोधून काढलं. पावसाळ्यात एका शनिवारी राक्षसभुवनहून परतताना वाटेत ओढ्याच्या फरशीवरून पाणी वाहत होतं. टाचभरच होतं, म्हणून त्यांनी गाडी घातली. इंजिन वीस किलोमीटर तापलेलं, मॅनिफोल्ड पुढच्या बाजूला, आणि त्याच्यावर जाळीतून गार पाण्याचा सपकारा आला. बीड तापलेलं असताना एका जागी गार झालं की तडकतं. तव्यावर पाणी पडलं की चर्र होतं ना, तशी त्या वेळी वाफ निघाल्याचं काकूंना आठवत होतं. दिवाळीच्या थंडीपासून सकाळी टिकटिक यायला लागली. गाडी तापली की बीड फुगून भेग मिटायची आणि आवाज बंद. म्हणून गुरुजींनी मनावर घेतलं नाही.

नुसता कॅट बदलून दिला असता तर गाडी त्याच दिवशी पळाली असती, दिवाही विझला असता. गुरुजी खूश होऊन गेले असते. आणि भेग तशीच राहून नवा कॅटही वर्ष-दीड वर्षात वितळला असता. असे कॅट मी बघितले आहेत, एकाच गाडीवर दोनदा बदललेले.

याहून एक स्वस्त वाट आहे, ती मला पक्की माहीत आहे, कारण तिच्यावरून मी चाललो आहे. कॅट उतरवायचा, सळईने आतली वीट फोडून काढायची, रिकामा डबा परत चढवायचा. बाहेरून काही कळत नाही. गाडीला पिकअप येतो. कॅटमागच्या ऑक्सिजन सेन्सरखाली लांब नट देऊन त्याला वायूपासून दूर ठेवलं की दिवाही लागत नाही. तासाभराचं काम, गिऱ्हाइकाचे हजारो रुपये वाचतात, आणि फुटलेली 'माती' भंगारवाला तोलून घेऊन जातो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करता येत नाही, हे गिऱ्हाइकाला माहीत नसतं आणि मेकॅनिकला माहीत असलं तरी तो बोलत नाही. मी सात गाड्यांचे कॅट असे रिकामे केले. सात, कारण मी ते विसरलेलो नाही. फोडताना पिठासारखी धूळ उडायची, आम्ही तोंडाला रुमालही बांधत नव्हतो.

त्यातली सातवी गाडी शाळेची पोरं नेणारी व्हॅन होती. रिकामा डबा चढवून दिला, मालक आशीर्वाद देऊन गेला. पुढं एकदा दुपारी मी मुलीला आणायला शाळेवर गेलो तर ती व्हॅन फाटकासमोर इंजिन चालू ठेवून उभी होती. पोरं तिच्या मागच्या बाजूने, सायलेन्सरच्या तोंडाजवळून, दप्तरं सांभाळत रांगेत चढत होती. त्यांची तोंडं सायलेन्सरच्या बरोबर उंचीवर येत नव्हती, पण फार वरही नव्हती. माझी मुलगी त्याच रांगेत मैत्रिणीशी बोलत उभी होती. त्या संध्याकाळी मी मालकाला फोन करून म्हटलं, गाडी आण, दुसरा कॅट मी माझ्या मजुरीत बसवून देतो. तो आज आणतो, उद्या आणतो म्हणाला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याने व्हॅन विकली. ती मला पुन्हा सापडली नाही. त्यानंतर मी एकही कॅट फोडलेला नाही. गिऱ्हाईक तुटलं तरी चालेल.

गुरुजींना मी हे सांगितलं. ते काही बोलले नाहीत. खर्च ऐकून मात्र बराच वेळ गप्प राहिले, कारण नवा कॅट, मॅनिफोल्ड आणि सेन्सर मिळून त्यांची महिन्याची पेन्शन जात होती. काकू खुर्चीवरून म्हणाल्या, "घाला म्हनावं. डोकं तर उतरंल." तिथं विषय मिटला.

बाजारात लोकल कॅट निम्म्याहून कमी किमतीत मिळतो. डबा तसाच चकचकीत, आतल्या विटेवर धातू नावापुरता. सहा महिने दिवा विझतो आणि परत लागतो. मी तो बसवत नाही. ओरिजिनल माल छत्रपती संभाजीनगरहून मागवला. तो तिसऱ्या दिवशी एसटीच्या पार्सलने आला.

मधल्या दोन दिवसांत मी घाई न करता खोलण्याची तयारी केली. या कामात कॅट आणि मॅनिफोल्ड बदलणं सोपं असतं, अवघड असतं ते जुने नट सोडवणं. वर्षानुवर्षं तापून-निवून नट आणि स्टड एकजीव झालेले असतात. मॅनिफोल्ड ज्यावर बसतो ते इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं, त्यात रोवलेले स्टड पोलादाचे. जोर केला की स्टड हेडमध्येच तुटतो आणि मग खरं दुखणं सुरू होतं. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली, रेडिएटरचा पंखा उतरवून जागा केली. दहाही नटांवर संध्याकाळी गंज सोडवायचं तेल मारलं, सकाळी परत मारलं, संध्याकाळी परत. तिसऱ्या दिवशी गोटी लावली. उस्तादांनी शिकवलेलं एक मी कधी मोडत नाही. नट आधी केसभर आवळायचा, मग सोडायचा. आवळताना गंजाची पकड तुटते. कट्ट असा बारीक आवाज येतो, तो हाताला कळतो. तो आला की नट तुमचा. थोडा सोडायचा, थोडा परत आवळायचा, तेल आत जाऊ द्यायचं. नऊ नट असे आले.

दहावा कोपऱ्यातला, चौथ्या सिलिंडरचा. गोटी सरळ बसत नव्हती. पोरगा म्हणाला, "भाऊ, पाइप लावू का पान्याला?" मी नको म्हणायला हवं होतं. दुपारचे तीन वाजले होते, जेवण झालं नव्हतं, नऊ सुटल्याचा भर अंगात होता. मी मान हलवली. कट्ट ऐवजी मऊ, लोण्यातून सुरी जावी तसं काहीतरी झालं आणि पाना मोकळा फिरला. स्टड हेडच्या तोंडापासून दोन सूत वर तुटला होता. पोराचं तोंड उतरलं. चूक त्याची नव्हती, त्याने विचारलं होतं आणि हो मी म्हटलं होतं. ते मी त्याला तिथल्या तिथं सांगितलं, कारण या वयात मनात राहिलं तर हात भिऊन जातो.

मॅनिफोल्ड उतरवला. तुटलेल्या बुंध्यावर एक मोठा नट ठेवून आतून वेल्डिंग भरलं. वेल्डिंगच्या आधी कॉम्प्युटरचा सॉकेटही काढून ठेवला. ॲल्युमिनियमला हे वेल्डिंग धरत नाही, ते फक्त पोलादाला धरतं. बुंधा लालभडक होतो, त्याची उष्णता भोवतालच्या हेडमध्ये उतरते. गुरुजी पुढं वाकून म्हणाले, "ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. भोक मोठं होणार." मी उस्तादांकडून ही युक्ती शिकलो, पण असं कारण कुणी सांगितलं नव्हतं. लाली उतरायची वाट बघितली, नटाला पाना लावला, हलक्या हाताने मागं-पुढं, मागं-पुढं. पहिलं वेल्डिंग सुटलं. दुसऱ्यांदा भरलं. या वेळी तो बुंधा करकरत फिरला आणि सगळ्या आट्यांनिशी बाहेर आला. पोरगा ओरडलाच. मी खाली बसलो आणि गुरुजींनी आणलेला डबा उघडून आधी जेवलो.

पुढचं काम शांतपणे झालं. हेडच्या आट्यांतून टॅप फिरवून ते साफ केले, सगळे स्टड नवे घातले. हेडच्या तोंडावर पोलादी पट्टी ठेवून खालून पत्ता-गेज घालून बघितलं, तोंड सपाट होतं. जुन्या पॅकिंगचा कण नि कण खरवडला. नवं पॅकिंग कोरडंच ठेवलं. आपल्याकडे पॅकिंगला सिलिकॉनची पेस्ट चोपडायची सवय आहे. इथं ती घातक आहे, सिलिकॉनची वाफ ऑक्सिजन सेन्सरला आणि कॅटला विषासारखी बाधते. नवा मॅनिफोल्ड चढवला आणि नट मधून सुरुवात करून दोन्ही बाजूंना कडेकडे, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने पुस्तकातल्या आकड्याएवढेच आवळले. एका कडेकडून आवळत गेलं तर बीड वाकतं आणि पुढच्या थंडीत दुसरी भेग. कॅट खालून जॅकवर तोलून लावला, त्याचा भार मॅनिफोल्डवर लोंबू दिला नाही. काजळीने काळे झालेले चार प्लग बदलले. ते तसेच ठेवले असते तर एखाद्या सिलिंडरचं मिसिंग होऊन कच्चं पेट्रोल नव्या कॅटमध्ये गेलं असतं.

पहिल्यांदा सुरू केली तेव्हा कॅटच्या अंगातून थोडा धूर आणि जळका वास आला. विटेभोवतीच्या गादीतला चिकट पदार्थ पहिल्या तापात जळतो, तो त्याचा वास. दहा मिनिटांत थांबला. मग आवाज ऐकला. ऐकायला काही नव्हतंच, नुसता घुमारा. गाडी पुरती निवू देऊन साबणाचं पाणी परत मारलं, कुठंही फेस नाही. नटांचा टॉर्कही पुन्हा तपासला.

संध्याकाळी गुरुजी आणि काकूंना घेऊन शहागडच्या गोदावरीच्या पुलापर्यंत गेलो. चढावर गाडीने ऐंशीला कुरकुर केली नाही. काकू पूर्ण वाटेत काच वर करून बसल्या आणि येताना झोपल्या. मी दोनदा मागं वळून बघितलं, त्या झोपल्याच होत्या, नीट. दुसऱ्या दिवशी पीयूसी काढली. या गाडीला आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे. मशीनवर ०.०२ आलं.

जुना कॅट मी गुरुजींच्या हातात दिला. भंगारवाला तोवर दोनदा फिरकून गेला होता. मार्च २०२१ मध्ये ऱ्होडियमचा भाव औंसाला २९ हजार डॉलरच्या आसपास गेला, त्या सुमारास पुण्या-मुंबईकडे इको गाड्यांचे सायलेन्सर रातोरात चोरीला जात होते, ते या मातीसाठीच. भाव नंतर उतरले, तरी जुना कॅट भंगार लोखंडाच्या भावाने तोलायची वस्तू नाही. गिऱ्हाईक 'टाकून द्या' म्हणतं आणि मेकॅनिक ठेवून घेतो, अशी आमच्या धंद्यातली रीत आहे. ती रीत चोरीची आहे. मी भंगारवाल्याला गुरुजींच्या समोर भाव बोलायला लावला. ते पैसे बिलातून वजा झाले. त्याआधी गुरुजींनी वितळून काचेसारखा झालेला विटेचा एक तुकडा मागून घेतला, प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून. जुन्या शाळेत ते अजूनही अधूनमधून जातात. उत्प्रेरकाच्या धड्याला उपयोगी पडेल म्हणाले.

तुमच्या गाडीतून सकाळी थंड इंजिनाला टिकटिक येत असेल आणि ती तापल्यावर थांबत असेल, तर ती बरी झाली असं समजू नका, त्याच आठवड्यात दाखवा. गाडीत बसल्यावर कुणाचं डोकं धरत असेल तर काचा उघडा आणि मेकॅनिकला ते सांगा. तापलेली गाडी वाहत्या फरशीत घालू नका. उसाच्या पाचटावर किंवा पऱ्हाट्यांवर ती उभी करू नका, खालचा कॅट आग लावू शकतो. आणि कॅट बदलायचं ठरलंच, तर मेकॅनिकला आधी विचारा की जुना कशाने गेला. मग जुना परत मागा. तो तुमचा आहे.